उपचार: पाडव्याचे आणि प्रदर्शनाचे

मराठीत ‘उपचार’ या शब्दाला तीन अर्थ आहेत. देवपूजेत आवाहन, आसन, स्नान, गंध, पुष्प, नैवेद्य असे सोळा उपचार असतात, आजाऱ्यावर औषधोपचार होतात आणि मन नसताना पार पाडलेल्या कृतीलाही उपचार, म्हणजे नुसती औपचारिकता, म्हणतात. गुराला प्रदर्शनासाठी सजवण्याच्या कामात हे तिन्ही अर्थ एकत्र येतात. म्हणून हे काम नव्याने शिकणाऱ्यापुढे कौशल्याबरोबर एक तात्त्विक प्रश्नही उभा राहतो: जनावराला सजवणे ही त्याची सेवा आहे की मालकाच्या हौसेसाठी केलेला त्याचा वापर?

सिंधुदुर्गात गुरांच्या शृंगाराचा मुख्य दिवस दिवाळीचा पाडवा, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदा. देशावरच्या बैलपोळ्याचे स्थान इथे या दिवसाला आहे. गुरांना आंघोळ घालतात, शिंगे रंगवतात, गळ्यात झेंडूच्या माळा बांधतात आणि गोडधोड भरवतात. शेणाचा गोठा करून त्यात काड्यांच्या पायांवर उभी केलेली कारिटाच्या फळांची गुरे मांडण्याचीही रीत आहे. या पूजेत तुलना नसते. भाकड गाय आणि दुभती गाय दोघींना सारखीच माळ मिळते. कातळावर चरून हाडे दिसू लागलेल्या बैलाच्या कपाळीही कुंकू लागते.

पशुपक्षी प्रदर्शनात तुलना हाच हेतू असतो. परीक्षक जातीची लक्षणे, पाठीची रेषा, चाल, खूर, कास आणि सड पाहून क्रम लावतात. ही रीत युरोपात अठराव्या शतकात रुजली. लंडनच्या स्मिथफील्ड क्लबची स्थापना 1798 सालची. पैदास सुधारावी आणि शेतकऱ्याला नमुना डोळ्यांसमोर दिसावा हा उद्देश होता. कोकणापुरते पाहिले तर अशा पारखीचा एक लाभ स्पष्ट आहे. इथल्या आखूडबांध्याच्या, दमट हवा सोसणाऱ्या गाईला बराच काळ ‘गावठी’ म्हणून बाजूला सारले जाई. 2018 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. लक्षणे नीट पाहून नोंदवल्यावरच तिला नाव मिळाले. पारखणारी नजर म्हणजे अनादर नव्हे, हे यावरून दिसते.

शिकण्याचा क्रम पूजेच्या क्रमासारखाच आहे. पूजेत आधी आवाहन येते, तसा इथे आधी परिचय. म्होरकी घालून रोज थोडा वेळ चालवणे, थांबवणे, मान, पोट आणि पाय यांवरून हात फिरवणे याला काही आठवडे द्यावे लागतात. न बुजता उभे राहणारे जनावर हेच पहिले आसन. नंतर खरारा येतो. आधी सुकी धूळ आणि सुटलेले केस काढायचे, मग केसांच्या दिशेने हात चालवायचा. कोकणात त्यासाठी नारळाचे सोडणही चालते. खराऱ्याने कातडीत रक्त खेळते, शिवाय कानामागे, गळ्याच्या पोळीच्या घड्यांत आणि कासेजवळ दडलेल्या गोचिडी व जखमा हाताला लागतात. पूजेतला उपचार आणि वैद्यकातला उपचार इथे एक होतात.

स्नान सकाळच्या उन्हात घालावे, कानात पाणी जाऊ देऊ नये आणि साबण पूर्ण निघेपर्यंत धुवावे. कोकणातल्या गुरांचे केस मुळातच आखूड असतात. त्यामुळे थंड देशांतील केस फुगवण्याच्या क्लृप्त्या इथे निरर्थक ठरतात. पावसाळ्यात चिखलाने मऊ झालेले खूर जाणत्याकडून प्रदर्शनापूर्वी काही आठवडे आधी साळून घ्यावेत. आयत्या वेळी साळले तर जनावर लंगडण्याची भीती असते. शिंगाच्या मुळाशी जिवंत हाड आणि रक्तवाहिन्या असतात, म्हणून घासताना वरचा थर ओलांडू नये.

शृंगार सेवेकडून फसवणुकीकडे कुठे वळतो, हे कासेवरून सर्वांत नेमके कळते. कास भरलेली दिसावी म्हणून धार काढणे लांबवण्याची खोड जगभरच्या प्रदर्शनांत आढळते. गाईला वेदना होतात आणि परीक्षकाला खोटे दिसते. इंग्लिश तत्त्वचिंतक जेरेमी बेंथम यांनी 1789 मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात प्राण्यांबाबतच्या कर्तव्याचा निकष त्यांच्या बुद्धीत न शोधता वेदना भोगण्याच्या क्षमतेत शोधला. त्या निकषावर धुणे, खरारा आणि खूर साळणे उतरते, तटवलेली कास उतरत नाही.

सेवा की वापर या प्रश्नावर कोकणातूनच आलेले एक मत विनायक दामोदर सावरकर यांचे आहे; ते 1924 ते 1937 या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. गाय उपयुक्त पशू आहे, तिचे पालन करावे, पूजन करू नये, असे त्यांनी त्या काळात मांडले. हा विचार मानला तर प्रदर्शन पाडव्यापेक्षा प्रामाणिक ठरते, कारण तिथे गुणच मोजले जातात. पण उपयुक्तता एवढेच माप धरले तर भाकड गाईच्या वाट्याला काय येते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. उलट, वर्षातून एकदा माळ घालून उरलेले दिवस जनावर मोकाट सोडणारी पूजा तिसऱ्या अर्थाचा उपचार होते. पाडव्यापाशी मोजमापाशिवायचा आदर आहे आणि प्रदर्शनापाशी नेमकी नजर. रोजच्या खराऱ्यात दोन्ही लागतात. म्हणून सेवा की वापर याचा निर्णय सणाच्या किंवा स्पर्धेच्या दिवशी होत नाही, एरवीच्या दिवसांत होतो.

पूजेला उत्तरपूजा असते, तशी प्रदर्शनालाही आहे. अनेक गावांची गुरे एकत्र आली की लाळ-खुरकूत आणि लम्पीसारखे रोग पसरतात. 2022 मध्ये लम्पीमुळे महाराष्ट्रात गुरांचे बाजार आणि प्रदर्शने बंद ठेवावी लागली होती. म्हणून परतलेले जनावर दोन-तीन आठवडे इतर गुरांपासून वेगळे बांधावे, रोज तपासावे, शिंगांचा रंग आणि गळ्यातला साज उतरवावा. बक्षीस मिळो वा न मिळो, दुसऱ्या दिवशीचा खरारा चुकवू नये.