‘आमचे’ जिंकले, म्हणजे कोण जिंकले?

‘आमचे कॉलेज पहिले आले’ हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! कबड्डीचा अंतिम सामना संपतो, ढोल वाजू लागतो, गुलाल उधळला जातो, करंडक प्राचार्यांच्या हाती येतो आणि ज्यांनी मैदानावर पाऊलही टाकलेले नाही असे शेकडो जण ‘आम्ही जिंकलो’ म्हणत घरी जातात. ह्यात खोटेपणा नाही. दुसऱ्याचे यश आपलेसे वाटणे हा मनुष्यस्वभावाचा एक चांगला गुण आहे. परंतु त्याच संघातील एखादा मुलगा पुढल्या वर्षी गुडघा दुखावून घरी बसतो, तेव्हा ‘आमचा गुडघा दुखावला’ असे कोणी म्हणत नाही. यश सर्वांचे आणि दुखापत एकट्याची! हा हिशेब कोठेतरी चुकतो आहे, असे आम्हांला वाटते.

महाविद्यालये आणि विद्यापीठे एकत्र येऊन खेळू लागली, त्याला आपल्या देशात आता शंभर वर्षे होत आली. 1925 साली भारतातील विद्यापीठांचे एक मंडळ स्थापन झाले. भारतीय विद्यापीठ संघ हे त्याचेच आजचे रूप. 1935 च्या सुमारास आंतरविद्यापीठ क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला. पुढे क्रीडास्पर्धांसाठी स्वतंत्र मंडळ आले. 1956-57 पासून क्रीडाक्षेत्रात सर्वोत्तम ठरणाऱ्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक देण्यात येऊ लागला. देशाचे पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण असे विभाग पाडून आधी विभागीय व मग अखिल भारतीय स्पर्धा घेण्याची पद्धत रुजली. महाराष्ट्रातील विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ महोत्सव सुरू झाला आणि 2020 साली भुवनेश्वर येथे पहिल्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धा झाल्या. ही वाढ डोळ्यांत भरणारी आहे. पण वाढ झाली म्हणजे नेमके काय वाढले? पदके वाढली, की मैदानावर येणारी मुले वाढली? ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

आपल्या परिसराचेच उदाहरण घेऊ. वर्धा नदीच्या काठचे हे बल्लारपूर एके काळी गोंड राजांची राजधानी होते. आज ते ओळखले जाते पेपर मिल, कोळशाच्या खाणी आणि रेल्वे जंक्शन ह्यांमुळे. चांदा धर्मप्रांताचे मुख्य ठाणेही येथेच. येथील महाविद्यालये 1923 साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी दीर्घकाळ जोडलेली होती. 1983 साली अमरावती विद्यापीठ वेगळे झाले. त्यानंतरही नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली एवढा विस्तीर्ण प्रदेश नागपूरकडेच राहिला. 2011 साली चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले.

ह्या घटनेचा क्रीडांगणावर काय परिणाम झाला? कबड्डीच्या संघात बारा खेळाडू असतात, त्यांपैकी सात मैदानात उतरतात. 2011 पूर्वी ह्या साऱ्या प्रदेशातून विद्यापीठाच्या संघात बाराच मुली जात असत. सिरोंच्याच्या मुलीला त्या बारांत यायचे, तर तिची स्पर्धा नागपूरच्या नामांकित क्रीडामंडळांत तयार झालेल्या मुलींशी असे. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरांच्या आसपास आणि तेथून नागपूर आणखी पाऊणदोनशे. आज नागपूरच्या बारा जागा आहेत तशाच गोंडवानाच्याही बारा आहेत. बाराच्या चोवीस झाल्या, आणि त्यांतील बारा केवळ आपल्या जंगलपट्टीतल्या मुलामुलींसाठी राहिल्या.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ‘शक्ती विभागली गेली. मोठ्या विद्यापीठाचा एक बलाढ्य संघ पदक आणू शकला असता. दोन लहान संघ दुसऱ्या फेरीतच परत येतात. ह्याला वाढ म्हणायचे काय?’ पदकांची वही उघडून पाहणाऱ्याला हे बोलणे पटेल. शिवाय दुबळ्याशी दुबळ्याने खेळून दोघांचेही कौशल्य वाढत नाही, हेही खरे. केवळ सहभागाचे प्रमाणपत्र वाटत राहणे म्हणजे क्रीडाविकास नव्हे. मुलांना चांगले मैदान, जाणता मार्गदर्शक आणि पोटभर सकस अन्न न देता ‘सहभाग महत्त्वाचा’ असे म्हणणे, ही त्यांची फसवणूकच होय. म्हणून बल्लारपूरलगतच्या विसापूर येथे तालुका क्रीडासंकुल उभे राहिले आणि डिसेंबर 2023 मध्ये तेथे राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या, ह्याचे मोल आम्हांला मोठे वाटते. ज्या धावपट्टीसाठी दूरच्या शहरात जावे लागे, ती आपल्या दाराशी आली.

परंतु शक्ती एकवटण्याचा मार्ग टोकाला गेला, तर काय होते, हेही पाहून ठेवावे. अमेरिकेत शेजारशेजारच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन आपसांत खेळण्याचे संघ बांधले. त्यांना तेथे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. ‘बिग टेन’ हा त्यांतला जुना संघ 1896 चा. पॅसिफिक किनाऱ्यावरील विद्यापीठांचा संघ 1915 पासूनची परंपरा सांगत असे. ह्या संघांनी मोठे काम केले. असंख्य गरीब मुले खेळाच्या बळावर पदवीधर झाली आणि ऑलिंपिकपर्यंत पोहोचली. मात्र पुढे फुटबॉल सामन्यांच्या दूरचित्रवाणी हक्कांचे करार अफाट रकमांचे होऊ लागले. त्यांच्या मागे धावताना 2024 पर्यंत त्या पॅसिफिक संघातील बारांपैकी दहा विद्यापीठे बाहेर पडली. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड आज ‘अटलांटिक किनारा’ असे नाव असलेल्या संघात खेळते! करार फुटबॉलचा, पण प्रवास घडतो व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींनाही. एका सामन्यासाठी खंड ओलांडायचा आणि परत येऊन परीक्षेला बसायचे. ज्या शेजारधर्मातून हे संघ जन्मले, तोच आधी बळी पडला.

ह्याच देशात उलट दिशेचे एक उदाहरणही आहे, आणि आपल्या वाचकांना ते जवळचे वाटेल. ‘बिग ईस्ट’ हा संघ 1979 साली प्रामुख्याने बास्केटबॉलसाठी स्थापन झाला. पुढे फुटबॉलच्या ओढीने त्याची मूळ घडी विस्कटू लागली. तेव्हा 2013 साली त्यातील जॉर्जटाउन, सेंट जॉन्स, व्हिलानोव्हा, प्रॉव्हिडन्स, सीटन हॉल, मार्केट आणि डीपॉल ही सात कॅथलिक विद्यापीठे एकत्र बाहेर पडली आणि जुने नाव राखून त्यांनी आपला संघ पुन्हा बांधला. पैशाचा विचार त्यांनाही सुटला नव्हता, त्यांनीही दूरचित्रवाणीशी करार केलाच. तरीही आपल्याला झेपेल तो खेळ आणि आपल्यासारखे सोबती, एवढे त्यांनी निवडले. त्यांतील व्हिलानोव्हाने 2016 आणि 2018 साली राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. तेव्हा लहान राहणे म्हणजे हरणेच, असे काही नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न दारात उभा आहे. 2020 च्या पहिल्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धांत पंजाब विद्यापीठ अग्रस्थानी होते. 2022 साली बंगळूरच्या जैन विद्यापीठाने आणि 2024 साली चंदीगड विद्यापीठाने तो मान मिळविला. ही दोन्ही खासगी विद्यापीठे आहेत. साधनसंपन्न संस्था गुणी खेळाडूंना शोधून काढतात, शुल्क माफ करतात, राहण्याजेवणाची सोय करतात. ह्यात त्या मुलांचे कल्याण आहे, ते आम्ही नाकारीत नाही. पण संस्था खेळाडू घडविते आहे की गोळा करते आहे, हा भेद डोळ्यांआड होऊ नये. गोळा केलेल्या यशाला ‘आमचे’ म्हणताना जीभ जराशी अडखळायला हवी.

काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील लांब पल्ल्याची शर्यत आम्ही पाहत होतो. पहिल्या तिघींचे क्रमांक लागले, टाळ्या झाल्या आणि पंचांनी टेबल आवरायला घेतले. एक मुलगी अजून धावत होती. तिच्या महाविद्यालयाचे कोणी जवळपास दिसत नव्हते. तिसरी आलेली मुलगी, दुसऱ्याच महाविद्यालयाची, रेषेपाशी थांबून राहिली होती. ‘ये, झालंच आता,’ एवढेच ती ओरडली. ती शेवटची मुलगी रेषेपाशी पोहोचली तेव्हा तिचा क्रमांक लिहायला वहीच नव्हती. त्या दिवशीचा करंडक कोणी नेला हे आम्ही विसरलो आहोत. रेषेपाशी थांबलेली ती मुलगी मात्र विसरलेलो नाही.

संत पौलाने करिंथकरांना लिहिताना धावण्याच्या शर्यतीचा दाखला दिला, तो उगीच नव्हे. करिंथजवळ मोठे क्रीडामहोत्सव भरत असत आणि विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. काही दिवसांत सुकणारा तो मुकुट सर्वांनी पाहिलेला होता. सुकतो म्हणून त्यासाठी धावू नये, असे मात्र पौल सांगत नाही. धावण्यासाठी लागणारा संयम त्याला मोलाचा वाटतो. आम्ही त्यात एवढीच भर घालू की शर्यत एकट्याने होत नाही. प्रतिस्पर्धी नसेल तर विजेताही नसतो. मग ज्याच्यामुळे आपल्याला धावता आले, त्याचे आपण काही देणे लागतोच.

हे देणे फेडण्याची सुरुवात विद्यापीठाच्या कार्यालयात होणार नाही, ती आपल्या घरात व्हावी लागेल. संध्याकाळी घामाघूम होऊन आलेल्या मुलाला आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘कितवा आलास?’ मुलगी दहावीला गेली की आपणच सांगतो, ‘आता खेळ पुरे.’ आणि तीच मुलगी कोठे चमकली, तर धर्मग्रामात पेढे वाटायलाही आपणच पुढे! तिच्या सरावाच्या दिवसांत तिला पहाटे मैदानावर सोडायला जो उठला, तिचे बूट फाटले तेव्हा ज्याने खिशात हात घातला, हरून आल्यावर ज्याने तिला जेवायला वाढले आणि उद्या पुन्हा जा म्हटले, त्याच्याच तोंडी ‘आम्ही जिंकलो’ हे शब्द शोभतात. ‘आमचे’ म्हणण्याचा अधिकार करंडकाच्या दिवशी मिळत नसतो, तो त्याआधीच्या सर्व दिवसांत कमवावा लागतो.