पात्यावरचे नाव आणि कर्तृत्वाचा प्रश्न

घडीच्या चाकूच्या आधुनिक व्यापारात पात्यावर ज्याचे नाव कोरलेले असते तो आणि ज्याच्या कारखान्यात ते पाते कापले, तापवले, पाणी देऊन कठीण केले आणि धारेला लावले जाते तो, हे दोघे बहुधा भिन्न असतात. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातली ‘कोलंबिया रिव्हर नाइफ अँड टूल’ ही कंपनी नामांकित रचनाकारांच्या, म्हणजे डिझायनरांच्या, आराखड्यांवरून चाकू काढते. हवाई बेटांवर स्वतःच्या हाताने चाकू घडवण्याबद्दल ख्याती पावलेले केन ओनियन हे अशा रचनाकारांपैकी एक. या कंपनीचे बहुतेक चाकू तैवान आणि चीनमधील कारखान्यांत बनतात. चाकूवर रचनाकाराचे नाव असते, देशाचे नाव असते, मात्र कारखान्याचे नाव सहसा नसते. यात कोणतेही विधान खोटे नाही, आणि तरीही काहीतरी दडवले गेल्याची भावना जाणत्या ग्राहकांच्या मनात राहते. ही भावना निव्वळ ग्राहकी चिकित्सा आहे की तिच्या मुळाशी सत्य आणि कर्तृत्व यांविषयीचा खरा प्रश्न आहे, हे तपासण्यासारखे आहे.

न्यायदर्शनात कर्त्याचे जे लक्षण सांगितले जाते ते येथे विलक्षण उपयोगी पडते. ज्या द्रव्यापासून वस्तू व्हायची त्या द्रव्याचे प्रत्यक्ष ज्ञान, ती वस्तू करण्याची इच्छा (हिलाच चिकीर्षा म्हणतात) आणि त्या इच्छेला अनुसरून होणारा प्रयत्न, म्हणजे कृती, ही तिन्ही ज्याच्या ठायी असतात तो कर्ता. (नैयायिकांना हे लक्षण जगाच्या कर्त्याची सिद्धी करण्यासाठी हवे होते, चाकूसारख्या क्षुद्र वस्तूला ते लावल्याबद्दल त्यांनी रागावू नये, कारण त्यांचा स्वतःचा आवडता दाखला तरी घट आणि कुंभार यांचाच आहे.) कुंभाराच्या ठिकाणी ज्ञान, इच्छा आणि कृती एकत्र नांदतात, म्हणून घटाचा कर्ता कोण असा प्रश्न कुणाला पडत नाही. रचनाकाराच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चाकूत मात्र ही त्रयी फुटलेली असते: इच्छा आणि आकाराची कल्पना रचनाकाराची, कृती कारखान्याची, आणि द्रव्याचे ज्ञान दोघांत वाटले गेलेले.

ही वाटणी किती बारीक असते हे घडीच्या चाकूच्या कुलपावरून कळते. मायकल वॉकर या अमेरिकन कारागिराने प्रचारात आणलेल्या ‘लायनर लॉक’ रचनेत मुठीच्या आत बसवलेली धातूची पातळ पट्टी, पाते उघडताच, स्प्रिंगसारखी आत सरकून पात्याच्या बुडाला टेकते आणि ते मिटू देत नाही. पट्टीचे टोक आणि पात्याचे बूड जिथे भिडतात तिथला उतार जरासा जास्त झाला तर दाब पडताच पट्टी निसटून पाते बोटांवर मिटू शकते, आणि जरासा कमी झाला तर पट्टी तिथेच चिकटून बसते व चाकू बंद करताना अंगठ्याने जोर लावावा लागतो. आराखड्यावर हा कोन अंशांत लिहिता येतो. पण पोलादाला पाणी दिल्यावर ते किंचित वाकडे झाले, किंवा घासताना पात्याचे बूड केसभर कमी झाले, तर जुळणी करणाऱ्यालाच ती दोन अंगे पुन्हा जुळवून घ्यावी लागतात. ग्राहकाच्या बोटांची सुरक्षितता ज्या ज्ञानावर अवलंबून असते ते ज्ञान अशा वेळी ज्याचे नाव कुठेच नाही त्याच्यापाशी असते. भगवद्गीतेच्या 18व्या अध्यायात अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध क्रिया आणि दैव अशी कर्माची पाच कारणे सांगून, जो केवळ एकालाच कर्ता समजतो त्याची समज कच्ची ठरवली आहे. तेथील रोख आत्म्याच्या अकर्तृत्वाकडे असल्यामुळे तो विचार बाजाराला जसाच्या तसा लावणे हे ओढूनताणून होईल. एका कार्याचे श्रेय एकाच नावाखाली गोळा करण्याच्या सवयीला त्यात दिलेला छेद मात्र इथेही लागू पडतो.

आता सत्याचा प्रश्न. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याचे विवेचन करताना, आपल्याला जे कळले ते दुसऱ्याच्या मनात पोहोचवण्यासाठी वाणी असते, असे गृहीत धरून तिला तीन कसोट्या लावल्या आहेत: ती फसवणारी नसावी, भ्रांत नसावी आणि ऐकणाऱ्याला बोध न करणारी, म्हणजे वांझ, नसावी. सत्य केवळ शब्द आणि वस्तुस्थिती यांच्या मेळात न शोधता ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटले यात शोधायचे, हे या विवेचनाचे मर्म. या कसोटीवर रचनाकाराचे नाव एकटे छापणे बोधाच्या बाजूने लंगडे पडते, विशेषतः तो रचनाकार स्वहस्ते घडवणारा म्हणून प्रसिद्ध असेल तेव्हा; कारण नाव वाचताच मनात हात उभा राहतो, आणि तो हात या चाकूला लागलेला नसतो.

याविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप परंपरेकडून येतो. जपानी तलवारीच्या मुठीखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर लोहार आपले नाव कोरतो. परंतु शिष्याने घडवलेल्या पात्यावर गुरूचे नाव गुरूच्या संमतीने घालण्याची रीतही तिथे होती, आणि तिला बनावट नाव कोरण्यापासून स्पष्टपणे वेगळे मानले जाई. शेफिल्डमध्येही घडवणारे, सहाणेवर धरणारे आणि मुठी बसवणारे छोटे स्वतंत्र कारागीर वेगवेगळे असत आणि चाकूवर शिक्का व्यापारी पेढीचा पडे. मग आजच्या रचनाकारालाच दोष का? फरक असा की शिष्याच्या कामाला गुरूची नजर आणि गुरूची भट्टी लाभलेली असे, ते बिघडले तर गुरूलाच त्याचा जाब द्यावा लागे. शेफिल्डचे उदाहरण तर समर्थनापेक्षा इशारा म्हणूनच अधिक उपयोगाचे आहे, कारण कोरड्या सहाणेची धूळ छातीत साठून तिथले धार लावणारे अकाली मरत, आणि पेढीच्या चकचकीत शिक्क्यात त्याचा मागमूसही नसे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: कारखाना हे व्यापारी गुपित असते, तो उद्या बदलू शकतो, आणि चीनचे नाव ऐकताच ग्राहक नाक मुरडतो. यातला शेवटचा मुद्दाच खरा आहे, आणि तोच गोपनाविरुद्ध जातो. ग्वांगडोंग प्रांतातल्या यांगजियांगसारख्या चाकूंच्या गावी उत्तम काम होते. ‘वी’ आणि ‘रिएट’ यांसारख्या, इतरांसाठीही चाकू बनवलेल्या चिनी कारखान्यांनी स्वतःच्या नावाने बाजारात उतरून ते दाखवून दिले आहे. मात्र कारखाना निनावी राहतो तोवर चाकू चांगला निघाल्यास कौतुक रचनाकाराच्या खात्यावर जमा होते आणि वाईट निघाल्यास दोष ‘चिनी माला’च्या माथी बसतो. ज्या पूर्वग्रहाची सबब पुढे केली जाते तो पूर्वग्रह या मौनावरच पोसला जातो. दुसऱ्याचे न घेणे, म्हणजे अस्तेय, हा यम केवळ द्रव्यापुरता मानला नाही, तर श्रेयाची ही एकतर्फी वसुली त्याच्या कक्षेबाहेर ठेवणे कठीण आहे.

कायद्याने हा प्रश्न अर्ध्यावर सोडला आहे. जर्मन माल शेफिल्डच्या नावाने खपतो या तक्रारींच्या पार्श्वभूमीवर ब्रिटनने 1887 मध्ये व्यापारी चिन्हांचा कायदा केला; अमेरिकेच्या 1930च्या जकात कायद्यानुसार आयात मालावर मूळ देशाचे नाव हवे, आणि चाकूंच्या बाबतीत ते ठशाने किंवा कोरून घालावे लागते. दोन्हीकडे विचार देशापाशी किंवा गावापाशी थांबतो. कोलोरॅडोची ‘स्पायडर्को’ त्यापुढे थोडी जाते: 1981 साली आलेला तिचा पहिला घडीचा चाकू जपानमधल्या सेकी या जुन्या तलवारगावी जी. साकाई या कारखान्याने बनवला, आणि आजही तिच्या जपानी चाकूंच्या पात्यावर सेकीचे नाव असते. गावाशेजारी कारखान्याचे नाव कोरायला पात्यावर जागा आहे. ते कोरले जावे ही अट घालण्याचा पहिला अधिकार, आणि म्हणून पहिली जबाबदारी, कायद्यापेक्षा रचनाकाराची आहे. कराराच्या कागदावर स्वतःचे नाव वापरू देताना त्याने बनवणाऱ्याचे नावही त्याच पात्यावर मागून घ्यावे.