अक्षरांभोवतींचें धुकें

शब्दाचा प्रभाव शब्दांतच असतो कीं त्याच्या भोवतीं पसरलेल्या वातावरणांत असतो, हा वाद आपल्या साहित्यशास्त्रांत फार जुना आहे. अलंकारवाद्यांनीं तो एका अंगानें मांडला, ध्वनिवाद्यांनीं दुसऱ्या अंगानें. आणि आमच्यासारखे जे इंग्रजी वाङ्मयाच्या वाटेनें गेले, त्यांनीं तोच वाद परक्या परिभाषेंत पुन्हा एकदां ऐकला. परंतु हा वाद संगणकाच्या पडद्यावरून आमच्यापुढें येऊन उभा राहील, आणि जातां जातां आमच्याहि पदरांत माप घालून जाईल, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. तो एका शोकसभेच्या निमित्तानें आला. म्हणून ती हकीकत आधीं सांगून मग विचाराकडे वळणें बरें.

आमच्या महाविद्यालयांतील संस्कृतचे एक निवृत्त अध्यापक गेल्या पावसाळ्यांत वारले. शोकसभेच्या फलकाचें काम दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यानें आपण होऊन अंगावर घेतलें आणि रात्रभर जागून तें पुरें केलें. फलक खरोखरच देखणा होता. निळसर काळोखांत बुडालेल्या डोंगरांच्या रांगा, दरींतून वर येणारें धुकें, आणि त्या धुक्यांत अर्धवट विरघळलेलीं, पाठीमागून मंद प्रकाश पडल्यासारखीं दिसणारीं त्यांच्या नांवाचीं अक्षरें! सभागृहांत शिरणारा प्रत्येक जण क्षणभर थबकत होता. आम्हीहि थबकलों आणि विद्यार्थ्याच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली. थोड्या वेळानें पहिल्या रांगेंत बसलेल्या त्या गृहस्थांच्या वृद्ध पत्नींनीं शेजारच्या बाईंना हळूच विचारलें, "ह्यांचं नाव कुठं लिहिलंय हो?" नांव त्यांच्या डोळ्यांसमोरच होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या विद्यार्थ्यास बोलावून ही किमया कशी साधते तें विचारलें. त्यानें आपला संगणक उघडून सारें दाखविलें. फोटोशॉपमध्यें चित्र एकसंध नसतें. कांचेचीं तावदानें एकावर एक ठेवावींत तसे त्याचे थर असतात. सर्वांत खालीं डोंगरांचें छायाचित्र, त्यावर अक्षरांचा थर. ह्या थराची एक प्रत काढून ती अस्पष्ट केली कीं अक्षरांभोवतीं प्रभा पसरते. त्या प्रभेला 'स्क्रीन' नांवाची मिश्रणाची रीत लावली कीं खालचें चित्र तिच्या योगानें उजळतें, काळवंडत कधींच नाहीं. मग 'क्लाउड्स' नांवाच्या फिल्टरनें यदृच्छेनें ढग निर्माण करावयाचे, आणि शेवटीं अक्षरांच्या थरावर 'मास्क' म्हणजे मुखवटा चढवून त्यावर मऊ कुंचला फिरवावयाचा. मुखवटा जेथें पांढरा तेथें अक्षर दिसतें, जेथें काळा तेथें लोपतें, जेथें करडा तेथें धुक्यांत अर्धें बुडतें. अक्षर पुसलें जात नाहीं, केवळ झांकलें जातें. "सर, नुसती स्पष्ट अक्षरं कोरडी वाटतात," तो म्हणाला, "त्यांना वातावरण द्यावं लागतं."

हें 'द्यावं लागतं' आमच्या मनांत घोळत राहिलें. वातावरण ही बाहेरून देतां येण्याजोगी वस्तु आहे काय? आणि तसें तें दिलें, तर तें भूषण म्हणावें कीं फसवणूक?

चित्रकलेंत धुक्याला निश्चित अर्थ होता. दूरचा डोंगर निळसर व पुसट दिसतो, कारण त्याच्या व आपल्या मध्यें हवेचा मोठा विस्तार असतो, हें लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) ह्यानें आपल्या टिपणांत फार बारकाईनें नमूद करून ठेविलें आहे. म्हणजे चित्रांतील धुकें हें अंतराचें माप होय. पाहणाऱ्यास तें एक खरी गोष्ट सांगत असतें. अक्षर मात्र दूर नसतें. तें वाचकासमोर त्याच सपाट पृष्ठावर उभें असतें. त्यावर धुकें चढविलें म्हणजे जें अंतर नाहीं त्याचा भास उत्पन्न होतो. गेलेला मनुष्य दूर गेला आहे, हा अर्थ त्या भासांत असूं शकतो, हें आम्ही मान्य करितों. परंतु तो तेथें असतोच असें नव्हे.

अक्षरांच्या कडा विरविण्यासाठीं जें साधन बहुधा वापरितात त्यास गाउस ह्या जर्मन गणितज्ञाचें नांव आहे, ही गोष्टहि विचार करण्यासारखी आहे. गाउसनें १८०९ सालच्या आपल्या ग्रंथांत आकाशस्थ गोलांच्या वेधांतील चुकांचा विचार करितांना घंटेच्या आकाराच्या एका वक्ररेषेचा आश्रय केला. अनेक चुकणाऱ्या वेधांतून खऱ्याच्या अधिकांत अधिक जवळ कसें जावें, हा त्याचा हेतु होता. आज तीच वक्ररेषा उलट कामास जुंपली आहे. प्रत्येक बिंदूच्या रंगांत शेजारच्या बिंदूंचे रंग तिनें ठरविलेल्या प्रमाणांत मिसळले जातात, आणि जेथें कड होती तेथें उतार होतो. ह्यांत गणिताचा दोष नाहीं आणि साधनाचाहि नाहीं. प्रश्न आहे तो तें हातीं घेणाऱ्याचा.

देवनागरींत तर ह्या अस्पष्टतेची किंमत विशेष पडते. धुक्यांत आधीं लोपतात तीं बारीक चिन्हें: अनुस्वार, रफार, शिरोरेषेवरची मात्रा. 'चिंता' आणि 'चिता' ह्यांत एका बिंदूचाच काय तो फरक, हें संस्कृत सुभाषितकारांच्याहि ध्यानीं आलें होतें. आमच्या दिवंगत स्नेह्यांच्या नांवांत एक अनुस्वार होता. फलकावर तो पार विरून गेला होता. पन्नास वर्षें ज्या नांवाला ती माउली हाक न मारितां ओळखीत आली होती, तें तिला त्या दिवशीं ओळखतां आलें नाहीं, ह्याचें नवल तें काय?

एवढ्यावरून कोणी असा निकाल देईल कीं अक्षर सदैव निर्मळच असावें. बिएट्रिस वॉर्ड ह्या विदुषीनें १९३० सालीं लंडन येथें मुद्रकांपुढें दिलेल्या एका प्रसिद्ध व्याख्यानांत हाच पक्ष मांडला आहे. उत्तम मुद्रण हें नितळ स्फटिकाच्या पेल्यासारखें असावें, पेल्याकडे लक्ष न जातां तें आंतील पेयाकडे जावें, असा तिचा आशय. पुस्तकाच्या पानापुरतें हें सर्वस्वीं खरें आहे. परंतु हाच नियम फलकांस व शीर्षकांस लावला, तर कमल शेडगे (१९३५–२०२०) ह्यांनीं नाटकांच्या वृत्तपत्रांतील जाहिरातींसाठीं जीं अक्षरें काढलीं तीं सारीं दोषास्पद ठरतील! त्यांच्या अक्षरांत नाटकाची प्रकृति दिसे. कोठें वळण लवे, कोठें दांडा करारी होई. ती अक्षरें कोरडीं नव्हतीं, आणि फसवींहि नव्हतीं. म्हणजे वातावरण असावें कीं नसावें हा प्रश्नच नव्हे. तें कोठून आलें, हा खरा प्रश्न आहे.

येथें आपलें जुनें शास्त्र उपयोगीं पडतें. भरताच्या परंपरेंत विभाव दोन प्रकारचे मानिले आहेत. ज्याच्या ठायीं भाव जडतो तो आलंबन. त्या भावास चेतविणारें चांदणें, मेघ, वारा, धुकें हें सर्व उद्दीपन. उद्दीपन त्याज्य नाहीं, आवश्यक आहे. परंतु आलंबनच लोपलें तर उद्दीपन कशाला चेतविणार? विरहिणीच उरली नाहीं तर मेघ हा नुसता मेघ होय. नवव्या शतकांतील आनंदवर्धनानें ह्याहून नाजूक कसोटी सांगितली आहे. रसाच्या ओघांतच, त्यासाठीं निराळा यत्न न करितां जो अलंकार सिद्ध होतो, तोच काव्याचें खरें अंग, असें त्याचें मत आहे. श्रम नकोत असा ह्याचा अर्थ नव्हे. शेडग्यांना श्रम थोडे का पडले असतील? श्रम रसाहून निराळे नकोत, एवढाच त्याचा अर्थ.

ही कसोटी व्यवहारांत कशी लावावी हें त्या विद्यार्थ्याच्याच संगणकानें आम्हांस शिकविलें. थॉमस व जॉन नोल ह्या अमेरिकन बंधूंनीं रचिलेला फोटोशॉप १९९० सालीं बाजारांत आला. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तींत त्यांत थर आले, आणि १९९८ च्या पांचव्या आवृत्तीपासून, एकदां मांडलेलीं अक्षरें मागाहून बदलण्याची सोय झाली. अक्षरें बदललीं तरी त्यांची छाया व प्रभा नव्या अक्षरांवर जशीच्या तशी उतरते. आम्हीं सहज विचारलें, "हे धुकें तयार करावयास किती वेळ लागला?" मुलगा प्रामाणिक होता. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "सर, धुकं जूनमध्येच केलं होतं. राजगडच्या पावसाळी सहलीची जाहिरात होती. काल फक्त अक्षरं बदलली. रात्र गेली ती नावाभोवतीचा उजेड जमवण्यात."

म्हणजे कसोटी ही: शब्द काढून त्या जागीं दुसरा शब्द घालावा, आणि वातावरण जागचें हलतें कीं नाहीं तें पाहावें. सहलीला जें शोभलें तेंच श्रद्धांजलीला शोभलें, आणि उद्यां एखाद्या दुकानाच्या सवलतीलाहि शोभेल, तर तें वातावरण त्या शब्दाचें कधींच नव्हतें. वाचकाच्या मनांत जो भाव शब्दानें जागवावयाचा, तो शब्दाला वगळून परस्पर वसूल करण्याची ती युक्ति होती. तिनें वाचक हेलावतो, पण कोणासाठीं हेलावला हें त्यास सांगतां येत नाहीं. फसवणूक म्हणावयाची ती हीच.

हें सर्व आम्ही त्या मुलास जरा कठोरपणेंच सांगितलें. तो खालीं मान घालून ऐकत होता. परंतु संध्याकाळीं घरीं आल्यावर आमच्या मनांत एक शंका आली, आणि आम्हीं शोकसभेंत वाचलेलें आमचें स्वतःचें भाषण बाहेर काढलें. 'व्यासंगी', 'ऋषितुल्य', 'कधींहि भरून न येणारी पोकळी', 'ज्ञानयज्ञ' असे सारे शब्द त्यांत होते. मग त्याच कपाटांतून पूर्वींच्या दोन शोकसभांचीं भाषणें काढलीं. पोकळी त्यांतहि होती. ज्ञानयज्ञहि होता. अक्षरें तेवढीं बदललीं होतीं. मुलानें धुकें एकदांच परत वापरिलें होतें. आमचें तिसऱ्यांदा वापरून झालें होतें, आणि त्यासाठीं आम्ही रात्रभर काय, घटकाभरहि जागलों नव्हतों.

जें सांगावयाचें होतें तें आम्हीं सांगितलेंच नव्हतें. हे गृहस्थ खिशांत नेहमीं तांबडी पेन्सिल बाळगीत. महाविद्यालयाच्या सूचनाफलकापाशीं ते उभे राहत, चष्मा कपाळावर सरकवीत, आणि सूचनेंत जेथें अनुस्वार गळाला असेल तेथें नेमका ठिपका देऊन निमूटपणें पुढें जात. कोणावर रागावणें नाहीं, कोणाचें नांव घेणें नाहीं. तीस वर्षें हें चाललें. हें एवढेंच वाक्य सभेंत उच्चारलें असतें, तर पहिल्या रांगेंतील त्या बाईंना आपला माणूस लगेच ओळखूं आला असता. दुसऱ्या कोणत्याहि मृतासाठीं हें वाक्य वापरतां येणार नाहीं, हीच त्याच्या खरेपणाची खूण.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं मुलास पुन्हां बोलावलें, त्याची क्षमा मागितली, आणि ही पेन्सिलीची गोष्ट सांगितली. तो कांहीं बोलला नाहीं. आठवड्याभरानें संस्कृत विभागाच्या खोलींत लावण्यासाठीं त्यानें नवा फलक आणून दिला. पांढरें पृष्ठ, काळीं साधीं अक्षरें, आणि नांवावरचा एक अनुस्वार तेवढा तांबड्या पेन्सिलीनें दिल्यासारखा, किंचित् खरबरीत. तोहि त्याच सॉफ्टवेअरमध्यें, त्याच थरांनीं व मुखवट्यांनीं केलेला होता; तो ठिपका जमावयास दोन दिवस लागले, असें तो म्हणाला. बाई एकदां पुस्तकें देण्यासाठीं आल्या असतां त्या फलकापुढें उभ्या राहिल्या, आणि त्या ठिपक्याकडे बोट करून हंसल्या.

मुलाचा फलक असा सुधारला. आमचें भाषण मात्र होऊन गेलें आहे, आणि त्यावर दुसरा थर चढवितां येत नाहीं.