आदाम: व्यक्ती की मनुष्यमात्र?

१९२५ च्या जुलैत अमेरिकेतील डेटन गावी स्कोप्स नामक शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल खटला चालला. आरोपीचे वकील डॅरो यांनी फिर्यादी पक्षाच्याच ब्रायन यांना साक्षीस उभे केले. बायबलच्या अक्षराचे कैवारी असलेल्या ब्रायन यांनी कबूल केले, की सृष्टिरचनेचे सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असे नव्हे. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ती साक्ष कामकाजातून वगळली. लोकांच्या स्मरणातून ती वगळणे त्यांच्या अधिकारात नव्हते.

कायद्याचा अर्थ लावताना आम्ही शब्दाचा सरळ अर्थ आधी घेतो. परंतु संहिताच अन्यत्र बोट दाखवीत असेल तर? ‘उत्पत्ती’त प्रकाश पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या! हिब्रूत ‘आदाम’ म्हणजे मनुष्य, ‘अदामा’ म्हणजे भूमी. ते दिवस नेहमीचे नव्हेत, हे संत ऑगस्टीनने पाचव्या शतकातच सांगितले होते, जरी आदामाला त्याने खराच पुरुष मानले. तेव्हा रूपकार्थ ही डार्विनच्या धास्तीने शोधलेली पळवाट नव्हे.

आमची अडचण निराळीच आहे. आदाम रूपक ठरला, की त्याचा अपराधही रूपक म्हणून निकालात निघण्याची भीती असते. जाब विचारताच तो स्त्रीकडे बोट दाखवितो, स्त्री सर्पाकडे. हा बचाव आम्ही न्यायालयात नित्य ऐकतो. सर्प तेवढा गैरहजर असतो. आदाम एक व्यक्ती असेल, तर तो जबाब एका प्राचीन पुरुषाचा. मनुष्यमात्र असेल, तर त्याखाली सही आमचीही. म्हणून रूपकार्थच आम्हास अधिक कठोर वाटतो.