चपट्या नाकाचा जीव
पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा कीर्तनात ऐकताना आपला कंठ दाटतो. पण माउली, ते कुत्रे निदान पळू तरी शकत होते! २००३ सालच्या मोबाइलच्या जाहिरातीनंतर आपल्याकडे आवडता झालेला पग चार पावलांत धापा टाकतो. कुत्र्याच्या अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर पडते. आणि याचे नाकच माणसाने हौसेपायी पिढ्यान्‌पिढ्या चपटे करून ठेवले. आमच्या पगच्या तोंडावरच्या घड्या मी रोज पुसतो, उन्हात त्याला नेत नाही. नातू म्हणतो, "आजोबा, याला जोडीण आणू, पिल्ले होतील." हौस आमची, अन् श्वास कोंडायचा पिल्लांचा! वारीहून येईपर्यंत थांब, एवढेच त्याला सांगितले आहे.