तिकीट कशाचे?



सुटीत आपल्यापैकी काही कुटुंबे टिपेश्वरला जातात. जरूर जावे, पांढरकवड्याजवळचे हे 148 चौरस किलोमीटरचे अभयारण्य आपल्या जिल्ह्याचे वैभव आहे. पण जिप्सीत बसताच मन म्हणते, पैसे भरलेत, वाघ दिसलाच पाहिजे.

ह्याच हट्टापायी काय होते ते 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले. पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची व तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. चालक व गाइड निलंबित झाले, उच्च न्यायालयाने दखल घेतली. ते योग्यच. परंतु एरवी 'थोडं पुढे घे ना, भाऊ' म्हणणारे, वर बक्षिशी देणारे कोण असतात? आपणच. त्याचे पोट त्यावर. तो नाही कसे म्हणणार?

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने माणसाला बागेत ठेवले ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. राखण म्हणजे काय हे आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. जागलीला गेलेला माणूस पीक तुडवत नाही.

गेल्या खेपेस आम्हांला वाघ दिसला नाही. मुले हिरमुसली. परतताना गाइडने धुळीतले पंजाचे ठसे दाखवले, आणि गाडीतून वाकून मुले ते कितीतरी वेळ बघत राहिली.