झग्यावरील स्टोल आणि निष्ठेची कसोटी

अमेरिकी विद्यापीठांच्या पदवीदान समारंभात शेकडो स्नातक एकसारखा झगा आणि चौकोनी माथ्याची टोपी घालून उभे राहतात, तेव्हा त्या वेशाने घराणे, संपत्ती आणि वर्ण यांचे भेद काही काळ झाकले जातात आणि विद्या तेवढी समोर राहते. याच झग्यावर अनेक स्नातक आपल्या फ्रॅटर्निटीचा किंवा सोरोरिटीचा, म्हणजे शपथपूर्वक प्रवेश देणाऱ्या विद्यार्थी-बंधुमंडळाचा वा भगिनीमंडळाचा, स्टोल घालतात. सर्वांच्या समान सन्मानाच्या प्रसंगी मोजक्यांशी जोडलेल्या नात्याची खूण मिरवणे नैतिकदृष्ट्या कितपत योग्य, हा त्यातून उभा राहणारा प्रश्न वेशभूषेच्या शिष्टाचारापुरता नाही. तो निष्ठेच्या स्वरूपाचा प्रश्न आहे.

या वेशाचे मूळ धर्मसंस्थेत आहे. मध्ययुगीन पॅरिस आणि ऑक्सफर्ड येथील विद्वान बहुधा धर्मसेवकांच्या वर्गात मोडत असल्यामुळे त्यांचा पायघोळ झगा हा धर्मसेवकाचाच पोशाख होता. अमेरिकेत 1895 साली आंतरमहाविद्यालयीन संहितेने झग्याची घडण, बाह्यांचा आकार आणि विद्याशाखांचे रंग निश्चित केले. कलाशाखेला पांढरा, तर ईश्वरविद्येला शेंदरी रंग मिळाला. बंधुमंडळांच्या स्टोलची प्रथा मात्र या संहितेतून आलेली नाही. मानेमागून येऊन दोन्ही टोके छातीवर सारखी सोडलेली ही लांब सॅटिनची पट्टी असते. एका टोकावर मंडळाची ग्रीक अक्षरे, दुसऱ्यावर बोधचिन्ह किंवा वर्ष भरतकामाने काढलेले असते. ख्रिस्ती पुरोहिताचा स्टोलही असाच रुळतो. दीक्षाविधीत मिळणारा तो स्टोल अधिकाराची खूण असतो, आणि परंपरेने त्याला ख्रिस्ताच्या जुवाचे, म्हणजे स्वीकारलेल्या सेवेच्या भाराचे, प्रतीकही मानले आहे.

कृष्णवर्णीयांच्या मंडळांच्या बाबतीत या खुणेला विशेष वजन आहे. 1906 साली कॉर्नेल विद्यापीठात अल्फा फाय अल्फा स्थापन झाली, तेव्हा तेथील मूठभर कृष्णवर्णीय विद्यार्थी महाविद्यालयाच्या सामाजिक जीवनातून जवळजवळ वगळलेले होते, आणि पुढे कित्येक दशके अनेक श्वेतवर्णीय फ्रॅटर्निटींच्या नियमांत वर्णावर आधारलेली प्रवेशबंदी लिखित स्वरूपात होती. 1908 साली हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कप्पा अल्फा ही कृष्णवर्णीय स्त्रियांची सोरोरिटी उभी राहिली. 1913 साली तेथेच स्थापन झालेल्या डेल्टा सिग्मा थीटाच्या सदस्यांनी त्याच वर्षीच्या 3 मार्चला वॉशिंग्टनमधील स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात भाग घेतला. म्हणून अल्फा कप्पा अल्फाचा गुलाबी-हिरवा किंवा डेल्टा सिग्मा थीटाचा किरमिजी-मलईरंगी स्टोल झग्यावर येतो, तेव्हा ज्यांना दार बंद होते त्यांनी स्वतः बांधलेल्या घराची ती ओळख असते. समान झगा जो इतिहास झाकतो, तो हा स्टोल पुन्हा उघड करतो.

तरीही आक्षेप उरतात. पहिला आक्षेप समतेचा आहे: निवड, वर्गणी आणि गुप्त विधी यांतून मिळणारे सदस्यत्व विद्येच्या बरोबरीने मिरवले, तर ज्याला ते मिळाले नाही त्याचा झगा उणा भासू लागतो. दुसरा आक्षेप धार्मिक आहे. अलीकडच्या वर्षांत काही कृष्णवर्णीय ख्रिस्ती सदस्यांनी आपले सदस्यत्व जाहीरपणे सोडले. ग्रीक-रोमन देवतांची प्रतीके आणि आजन्म बांधून घेणारी गुप्त शपथ यांमुळे केवळ ईश्वराला द्यावयाची निष्ठा विभागली जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. या आक्षेपाला हसण्यावारी नेता येत नाही, कारण शपथ ही गंभीर गोष्ट आहे हे मंडळेही मानतात. परंतु बॅप्टिस्ट धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग हेही अल्फा फाय अल्फाचे सदस्य होते. अशी अनेक उदाहरणे पाहता, दोन निष्ठा एकत्र नांदूच शकत नाहीत असे म्हणणे कठीण आहे.

दोन निष्ठांचा मेळ कसा घालावा, याचे सूत्र अमेरिकी तत्त्वज्ञ जोसाया रॉइस यांच्या 1908 सालच्या ‘द फिलॉसॉफी ऑफ लॉयल्टी’ या ग्रंथात सापडते. रॉइस यांच्या मते जी निष्ठा इतरांच्या निष्ठेला बळ देते ती चांगली, आणि जी इतरांच्या निष्ठेचा घात करून जगते ती वाईट. कोलंबिया विद्यापीठात 1913 ते 1916 या काळात शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हाच प्रश्न जातीसंदर्भात अधिक कठोरपणे मांडला: जो गट स्वतःच्या हितसंबंधांत कोंडून घेऊन इतरांशी मोकळा व्यवहार तोडतो, त्याच्यात समाजविघातक वृत्ती वाढते. त्यांना अभिप्रेत असलेली बंधुता गटांच्या भिंतींतून आरपार वाहणारी होती.

या कसोटीवर स्टोलचा निवाडा त्याच्या कापडावरून किंवा अक्षरांवरून होऊ शकत नाही. वगळलेल्यांनी परस्परांना आधार देण्यासाठी जोडलेले नाते आणि विशेषाधिकार राखण्यासाठी घातलेले कुंपण, या दोहोंची खूण बाह्यतः सारखीच दिसते. फरक पडतो तो मंडळाबाहेरच्या माणसाला त्या नात्यातून काय मिळते यावर. नवागतांचा छळ करून शपथ घेणाऱ्या मंडळाचा स्टोल समान झग्याला उणेपणा आणतो. शिष्यवृत्त्या उभारणाऱ्या, मतदार-नोंदणीसाठी दारोदार फिरणाऱ्या मंडळाचा स्टोल त्याच झग्यातील समतेचे वचन पुढे नेतो. म्हणून विद्यापीठांनी स्टोलवर सरसकट बंदी घालू नये. मात्र तो घालणाऱ्या प्रत्येकाने आपली शपथ कोणाच्या उपयोगी पडली याचा हिशेब स्वतःला द्यावा, आणि उत्तर केवळ ‘आपल्यांच्या’ असे आले, तर ती बंधुता अद्याप अपुरी आहे हे निःसंकोच मान्य करावे.